केरबानं झाकलेली विहीर

आमच्या कसबा बावड्यात केरबा गवंडी म्हटलं की माणसं आधी त्याच्या कामाबद्दल बोलायची, मग त्याच्याबद्दल. भिंत ओळंब्यात नसली तर मालकाच्या नजरेत यायच्या आत हा स्वतःच पाडायचा. एका घराच्या वास्तुशांतीला पंगतीत बसला असताना त्याला जिन्याची तिसरी पायरी अर्धा इंच चढलेली दिसली. पुरणपोळी तशीच ठेवून गडी घण आणायला गेला आणि घरमालकीण तुपाचं भांडं हातात घेऊन बघत राहिली. केरबानं ‘झालं’ म्हटलं की झालं, असं आम्ही म्हणायचो. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यानं कमावलं ते एवढंच, आणि तेच गेल्या उन्हाळ्यात आमच्या परसात पणाला लागलं.

मला गोष्ट पोटात ठेवता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या परसात विहीर होती. नळ आले, त्याच वर्षी शेजारचं वासरू तिच्यात पडलं, म्हणून वडिलांनी ती बुजवायचं काम केरबाला दिलं. मुरूम येऊन पडला. पण विहिरीत कासव होतं. नव्या विहिरीचं पाणी निर्मळ राहावं म्हणून कासव सोडायची आमच्याकडची रीत. हे आमच्या आजोबांनी सोडलेलं. केरबानं तीन दिवस टोपली सोडून बघितली, भाताची शितं टाकली. कासव वर यायचं, शितं खायचं, टोपलीकडं बघायचं आणि खाली जायचं. चौथ्या दिवशी वडील सोयरिकीच्या कामानं आम्हा सगळ्यांना घेऊन गारगोटीला गेले. दोन दिवसांनी आलो तर परस सपाट. केरबा म्हणाला, ‘झालं.’

झालं नव्हतं. त्यानं भंगारातले लोखंडी रूळ विहिरीच्या तोंडावर आडवे टाकले होते, रुळांवर दगडी फरश्या आणि फरश्यांवर हातभर माती. खाली विहीर जशीच्या तशी, पाण्यासकट, कासवासकट. मुरूम त्यानं गल्लीतल्या खड्ड्यांत पसरला, तेव्हा गल्लीनं त्याचं केवढं कौतुक केलं.

हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं आम्ही तिथं मिरच्या वाळवल्या. थोरल्या लेकीच्या लग्नाचा मांडव तिथंच पडला, दोनशे माणसं जेवून उठली. मांडवाचा खांब रोवताना पहार ठणकन वाजली, तसा केरबा हातातली बादली टाकून धावत आला. ‘हितं नको, भरावातला दगड लागलाय.’ परक्याच्या कार्यात एवढी काळजी घेणारा माणूस म्हणून मी ती गोष्ट कितीतरी जणांना सांगितली.

तर गेल्या उन्हाळ्यात माझा नातू विश्वजित पुण्याहून महिनाभर राहायला आला, तो डोक्यात तळं घेऊनच. पंधरा बाय वीस फूट, छातीइतकं खोल, त्यात कमळं, मासे, आणि काठावरून पाण्यावर पुढं आलेला लाकडी कट्टा. त्याला तो डेक म्हणायचा. ‘आबा, तुम्ही डेकवर खुर्ची टाकायची, चहा प्यायचा, पाय पाण्यात.’ मी तर हरखूनच गेलो. गावच्या शाळेत मला हत्ती आणि बदक एवढं दोनच काढता यायचं, म्हणून मी त्याच्या नकाशात चार बदकं काढून दिली.

विश्वजितनं चुन्याच्या फक्कीनं जागा आखली. पांढऱ्या रेघांच्या आत विहीर पुरती आली. कट्ट्याला चार खांब, त्यातला एक नेमका तिच्या मध्यावर. केरबा रोजच्यासारखा चहाला आला, रेघा बघितल्या, आणि त्याच्या कपातल्या चहावर साय धरली.

‘विशा, तळं तिकडं पेरूखाली घे की.’

‘तिथं पानं पडतात, नाना.’

‘मग पेरू तोडा.’

‘डोस्कं फिरलं व्हय तुझं?’ मी म्हटलं. ‘फळाला आलेला पेरू तोडायला सांगतोय. पाण्याचं भ्या वाटाय लागलं काय म्हाताऱ्याला?’

‘वाटतंय,’ केरबा म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी माती पाणी धरते का बघायला विश्वजितनं वीतभर खड्डा काढून पाइप सोडला. पाणी साठेचना. अर्धा तास पाइप चालू, आणि खड्ड्याच्या बुडाला नुसता ओलावा. ‘शेततळ्याचा कागद अंथरू,’ विश्वजित म्हणाला. पाइप बंद केला तेव्हा मला खालून टप टप असा आवाज आला. मी म्हटलं, जिवंत झरा दिसतोय, नशीब आपलं. केरबा शेजारी उभा होता. सावलीत उभा असून त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

मग त्याचं येणं बंद झालं. रविवारी त्याची बायको बनाबाई आली आणि दारातच उभी राहिली.

‘चार दिस झालं, अन्नाला शिवला न्हाय माणूस. जमिनीला कान लावून पडतोय. तुमच्या तळ्यानं काय केलंय त्यास्नी?’

‘आत या की वहिनी, शाळेत एकदा त्यानं असंच सोंग घेतलंतं—’

‘नको भावजी,’ ती म्हणाली आणि गेली. माझी गोष्ट अर्धी टाकून आजवर कुणी गेलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जेसीबी आला. कंपाउंडची भिंत पाडून आत घेतला. विश्वजित रेघांच्या मधोमध उभा राहून ड्रायव्हरला हातानं पुढं बोलवत होता, ‘या, या, अजून या.’ मशीन पुढं सरकलं तसे माझ्या खुर्चीचे पाय थरथरायला लागले. तेवढ्यात पाडलेल्या भिंतीतून केरबा आला. स्वच्छ टोपी घातलेली, मयताला जाताना घालतो तशी. मशीनच्या समोर जाऊन त्यानं हात वर केला.

‘बंद कर.’ मग माझ्याकडं वळला. ‘गणपा, विहीर बुजवल्याली न्हाय.’

मला वाटलं चेष्टा. मी हसायला लागलो, पण हसणारा मी एकटाच होतो.

‘कासवावर मुरूम टाकाय हात झाला न्हाय माझा. तुझ्या बापूंस्नी झालं म्हणून सांगितलं. त्या दिसापासनं एक वीट वाकडी लागली तर पाडलीया मी, गणपा. ह्ये तेवढं पाडता आलं न्हाय. विशा, पोरा, हळू माघारी सर. उडी मारू नगंस.’

विश्वजित एकेक पाऊल मागं टाकत रेघेबाहेर आला. ड्रायव्हरनं रेघेबाहेर उभं राहूनच मातीत पहार मारली. तिसऱ्या घावाला पहार त्याच्या हातातून निसटली आणि फरश्यांच्या फटीतून खाली गेली. खूप वेळानं, निदान मला तरी तसं वाटलं, खालून पाण्याचा आवाज आला. बॅटरी लावून बघितलं, तर मनगटाएवढा रूळ गंजून बोटाएवढा राहिलेला. खाली काळं पाणी हलत होतं. पहारीमुळंच हलत असणार.

दुपारपर्यंत सगळ्या बावड्याला कळलं. केरबानं बांधलेल्या दोन घरांचे मालक संध्याकाळी ओळंबा घेऊन आपापल्या भिंती तपासत होते. मी केरबाकडं गेलो, त्याच्या खांद्यावर हात टाकला.

‘जन्मात एक चूक केलीस लेका, तीपण कासवापायी. विसरतील माणसं.’

‘एक न्हाय,’ केरबा म्हणाला. ‘पाच हायत. जिथं जिथं कासव हुतं तिथं तिथं.’

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि सकाळी गाडी काढ म्हणून विश्वजितला सांगायला घरी गेलो.

सकाळी विश्वजितनं आम्हा दोघांना गाडीत घातलं. बाकीच्या चारांतल्या पहिल्या जागी आता चार मजली अपार्टमेंट आहे. खाली पार्किंग, गाड्यांमधून पोरं सायकली फिरवत होती. वॉचमननं विचारलं, ‘काय पावणं, कुणाकडं?’ केरबा टाच आपटत गाड्यांमधून चालत गेला, दर दोन पावलांना थांबून ऐकत. एका पांढऱ्या गाडीपाशी त्यानं पुन्हा टाच मारली आणि तिथंच थांबला.

‘पोरास्नी भायेर काढा,’ तो वॉचमनला म्हणाला. ‘आणि ही गाडी ज्येची हाय त्याला बोलवा. चावी घिऊन या म्हणावं.’