रोलरची जिभली

माझ्या वहिनीचा चेहरा आणि तिचे हात एकाच बाईचे आहेत यावर कुणाचा पटकन विश्वास बसायचा नाही. चेहरा पस्तिशीचा, हसरा. हात मात्र साठी उलटलेल्या म्हातारीचे. पेरापेरांवर चिरा, नखांच्या कडेला कायमचा बसलेला पांढरट रंग, आणि तळवा इतका खरखरीत की माझ्या स्वेटरवरून तिने हात फिरवला तर लोकरीचा धागा निघायचा. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईने तिचे हात बघूनच विचारलं, "किती नातवंडं तुम्हाला?"

"मला कुठली?" वहिनी म्हणाली. "माझ्या सासूला आहेत. दोन."

घरी येऊन तिने हा किस्सा सांगितला तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. आई म्हणजे तिची सासू, तीही हसली. मग वहिनी भांडी घासायला गेली आणि साबणाचं पाणी चिरांत गेलं तेव्हा तिने दात आवळून घेतलेला श्वास मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला.

दादा ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. वहिनी आधी पोती शिवायच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. मग एका ओळखीच्या बाईने तिला रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांच्या हाताखाली आठ रंगारी. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "शिडीची भीती वाटते का?"

"नाही."

"बरं. मग शिडी धरा."

अशी तिची सुरुवात झाली. शिडी धरायची, जमिनीवर कागद अंथरायचे, भिंत घासून काढायची, पडलेला रंग पुसायचा आणि संध्याकाळी सगळ्यांचे रोलर धुवायचे. शिडीवर चढायचं काम मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नाही.

आता रोलर धुणं म्हणजे काय, हे ज्याने धुतलाय त्यालाच माहीत. रोलरच्या लवेत चांगला वाटीभर रंग मुरलेला असतो. पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी पिळायचा, वरून खाली, दूध काढावं तसा. पाणी पांढरं होतं. पाणी बदला, पुन्हा पिळा, पुन्हा पांढरं. झाला बाई स्वच्छ असं म्हणून बाजूला ठेवावा, तर खालून आणखी एक थेंब. आणि कंटाळून तसाच सोडला तर सकाळी त्याची काठी झालेली असते, कुत्र्याला मारण्याच्या कामाची. रंगारी पाचला हात धुऊन चहाला जायचे. वहिनी मागच्या टाकीपाशी उकिडवी बसून साडेसहापर्यंत नऊ रोलर पिळत असायची.

त्या वर्षी थंडी कडक होती. मिस्त्रींनी एका हॉस्पिटलचं काम घेतलं होतं, चार मजले, लांबच लांब व्हरांडे, सगळीकडे फिका निळा रंग. टाकीचं पाणी बर्फासारखं. वहिनीच्या बोटांतून रक्त यायला लागलं. त्याच हॉस्पिटलात खालच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी तिला जाता-येता पाहिलं आणि हात धरून आत नेलं.

"हे हात पाण्यात घालायचे नाहीत. रंगात तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "हात हवेत की काम हवं, ते ठरवा."

"दोन्ही हवंय," वहिनी म्हणाली. "एकच हवं असतं तर आत कशाला आले असते?"

त्यांनी मलम दिलं आणि रबरी हातमोजे दिले. मोज्यांनी दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी मोज्यांत वरून पाणी शिरलं, आणि बाहेर निळं पाणी तसंच आतही निळं पाणी अशी गत झाली. शिवाय मोजे घातले की रोलर निसटायचा. तिने ते काढून ठेवले.

आमच्या आईची सकाळ जिभलीने सुरू होते. तांब्याची जुनी जिभली, दोन्ही टोकं धरून वाकवायची आणि जीभ खरवडायची. ते करताना आई असे काही आवाज काढते की शेजारीपाजारी त्यावर घड्याळ लावतात. एका सकाळी वहिनी कामावर जायच्या गडबडीत होती, आणि मोरीच्या दारात एकदम थबकली. आईकडे बघतच राहिली.

आईने चूळ भरली. "काय गं? रोज तर माझं तोंड बघायला वेळ नसतो तुला."

"काही नाही," वहिनी म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आईची जिभली गायब. आईने घर डोक्यावर घेतलं. पहिला संशय माझ्यावर आला, कारण घरात काहीही हरवलं की पहिला संशय माझ्यावरच येतो. वहिनीच्या दोघी पोरींची दप्तरं उपसून झाली. संध्याकाळी वहिनी आली ती सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली आणि पदराआडून जिभली पुढे केली. वेडीवाकडी, मधोमध मुडपलेली, निळीशार.

आई आधी जिभलीकडे बघत राहिली, मग वहिनीकडे. "कुणाची जीभ घासलीस ही?"

"रोलरची."

मग तिने सगळं सांगितलं. रोलर बादलीत उभा धरायचा, जिभली त्याच्या अंगाला लावायची आणि वरून खाली ओढायची. सगळा रंग जाड सायीसारखा खाली उतरतो. जरा फिरवायचा, पुन्हा ओढायची. हात पाण्यात न घालता वाटीभर रंग बादलीत. पहिले दोन रोलर झाले आणि तिसऱ्याला जिभलीने मान टाकली.

"मला सांगून नेली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का?" आई म्हणाली.

"म्हटलं असतंत."

"म्हटलंच असतं!" आई म्हणाली. तिने नवी जिभली आणली आणि पुढचे आठ दिवस ती उशीखाली घेऊन झोपली.

वहिनीच्या डोक्यातून मात्र ते जाईना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याचं दुकान आहे. ती दोरीने रोलरचा घेर मोजून त्याच्याकडे गेली. जाड पट्टी हवी, म्हणाली, टोकाला अर्धा चंद्र कापलेला, रोलर बरोबर कुशीत बसेल असा.

"कशाला हवंय?" पेटीवाल्याने विचारलं.

"रोलरची जीभ घासायला."

"तुमच्या रोलरला जीभसुद्धा आहे?"

"आमच्या मिस्त्रींच्या रोलरला आहे. सारखा बोलत असतो."

पेटीवाल्याला गंमत वाटली. त्याने पट्टी कापून दिली आणि जुन्या कानशीची लाकडी मूठ तिला बसवली. वहिनी लहान पोरीसारखी ते हातात नाचवत घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने पहिला हात मारला तो नेमका मिस्त्रींच्या रोलरवर. तो रोलर मिस्त्रींनी सहा वर्षं सांभाळला होता. खरी मेंढीची लव, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. वहिनीने जोर लावून पट्टी ओढली. रंगाबरोबर लवेचे पुंजकेच्या पुंजके निघून बादलीत पडले. दुसऱ्यांदा ओढायच्या आत तिच्या लक्षात आलं, पण तोवर रोलरच्या अंगावर टक्कल पडलं होतं.

मिस्त्री आले, त्यांनी रोलर उचलला. "अहो बाई, धुवायला दिला होता! सोलायला नव्हे!"

रंगारी हसले. मिस्त्रींना हसू आलं नाही. ते रोलर फिरवून फिरवून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "उद्यापासून माझं सामान माझं मी बघेन."

ओरडले असते तर तिला चाललं असतं, असं ती मला नंतर म्हणाली. घरी आल्यावर तिने ती पट्टी मोरीच्या कोपऱ्यात टाकली, जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, सुटलं हिचं काम. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं, हात तरी वाचतील म्हणून. आईला सुनेने भिंती रंगवायला जाणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. तेव्हा आता ती "मी म्हटलंच होतं" म्हणणार, याची मी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. दुपारी मोरीतून घर्र घर्र आवाज यायला लागला. बघते तर आई धुण्याच्या दगडापाशी बसलेली, पाय पसरून, आणि ती पट्टी पाणी घालून घालून दगडावर घासतेय. एवढ्या तन्मयतेने की मी आलेली तिला कळलंही नाही.

"हे काय गं?"

"धार मारतेय."

"अगं, धारेनेच तर घात केला."

"म्हणून तर मारतेय," आई म्हणाली. "मारतेय म्हणजे ठार मारतेय. जिभलीची कड कधी नीट बघितलीयेस? गोल असते, गुळगुळीत. तुझ्या वहिनीने जिभलीचा वाक तेवढा उचलला, कड नाही उचलली. पेटीवाल्याला काय, पेटीला जीभ नसते."

मग तिने एक गोष्ट केली, ती मी कधी विसरणार नाही. पट्टी धुतली, पदराला पुसली आणि त्या अर्ध्या चंद्राची कड आपल्या खालच्या ओठावरून फिरवली. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका जागी थांबली. "इथे बोचतंय," म्हणाली आणि पुन्हा दगडावर घासायला लागली. दोन दुपारी हे चाललं. घासायची, ओठावर फिरवायची, मान हलवायची, पुन्हा घासायची. वहिनी कामावर जात होती, मुकाट्याने हातांनी आठ रोलर पिळत होती. नववा मिस्त्री स्वतः धूत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पट्टी वहिनीच्या डब्याच्या पिशवीत घातली. "ने," म्हणाली. "आता लहान लेकराच्या गालाला लावलीस तरी चालेल."

वहिनीने कड बोटाने चाचपली. आईकडे बघितलं. तिला काहीतरी बोलायचं होतं पण आईने संधी दिली नाही. "जा आता, उशीर होईल. आणि जोर कमी लाव. रोलर आहे तो, सासू नव्हे."

त्या संध्याकाळी वहिनी सहाच्या आत घरी आली. आठ रोलर, लवेचा एक केससुद्धा न गळता. आधी पट्टीने रंग उतरवायचा, मग पाण्यात नुसता दांडा धरून घुसळायचा, पुन्हा पट्टी. बोटं कोरडी. आठवडाभर मिस्त्री लांबून बघत होते. मग एक दिवस टाकीपाशी आले आणि त्यांनी आपला नवा रोलर तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला नाही लगेच. "मिस्त्री, एक विचारू? माझा आता रोज पाऊण तास वाचतो. मागच्या गोदामाच्या भिंती अजून कुणी घेतलेल्या नाहीत. मी करू?"

"तुम्ही?"

"आत कुणी येत नाही. वाईट झालं तर खोक्यांशिवाय कुणाला दिसायचं नाही."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "बरं. पण वरून खाली हात मारायचा. आडवातिडवा नको."

पहिली भिंत ढगाळली, पट्टे पट्टे दिसायला लागले. मिस्त्रींनी दिवा तिरका धरून तिला ते दाखवले, रोलर किती भिजवायचा, कुठे उचलायचा ते स्वतः करून दाखवलं. दुसरी भिंत बरी झाली. चौथी भिंत वाळल्यावर मिस्त्री आले, तिला तळवा टेकून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "उद्या व्हरांड्यात या." त्या दिवशी वहिनी घरी आली ती बडबडतच, पोरींना भिंतीवर हात कसा मारायचा ते वहाणेने दाखवत.

साधारण वर्षभराने ती मिस्त्रींबरोबर मोठ्या बाजारात सामान आणायला गेली. दुकानात खिळ्याला एक हत्यार टांगलेलं होतं. चकचकीत, लाल मुठीचं, आणि त्याला अर्धा चंद्र. तिने दुकानदाराला विचारलं, हे काय?

"रोलर साफ करायचं. हे तर कधीपासून येतं," दुकानदार म्हणाला. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे."

घरी येऊन ती हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. जगात आधीच असलेली गोष्ट आपण रक्त आटवून पुन्हा शोधली, म्हणून ती स्वतःवरच चिडली होती.

आईने शांतपणे विचारलं, "मिस्त्री त्या दुकानात किती वर्षं जातायत?"

"पंचवीस असतील."

"आणि त्यांना ते दिसलं नाही?"

वहिनी म्हणाली, "त्यांना कशाला दिसेल? धुवायला कुणीतरी होतंच की. माझ्या आधी दुसरी एक होती."

पुढच्या महिन्यात टोळीत एक नवी बाई आली, शिडी धरायला. पाच वाजता नेहमीप्रमाणे रंगाऱ्यांनी रोलर टाकीपाशी आणून टाकले. वहिनीने त्यातला स्वतःचा तेवढा उचलला, साफ केला, आणि बाकीच्यांना चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं, "ज्याचा रोलर त्याने धुवायचा. हत्यार मी देते, पाच मिनिटं लागतात."

कुणी उठेना. एक जण म्हणाला, "नवी बाई कशाला आहे मग?"

"काम शिकायला," वहिनी म्हणाली.

पहिले मिस्त्री उठले. ते उठले म्हटल्यावर बाकीच्यांना उठावंच लागलं. दोघांनी महिनाभर तोंड वाकडं केलं, एक जण टोळी सोडून गेला. पण ती पद्धत पडली ती पडली. पेटीवाल्याने आणखी आठ पट्ट्या करून दिल्या, आणि आठही पट्ट्यांच्या कडा आईने दगडावर घासल्या. ओठाला लावून पाहिल्याशिवाय तिने एकही घराबाहेर जाऊ दिली नाही.

वहिनीचे हात बरेच सुधारले. चिरा भरल्या, तरी थंडी पडली की अजून दुखतात. मिस्त्रींचे गुडघे गेल्यापासून टोळी तीच सांभाळते, तिघी बाया आणि चौघे पुरुष. शाळा झाल्या, कचेऱ्या झाल्या, दोन दवाखाने झाले. आमचं घर तेवढं राहिलंय. स्वयंपाकघराला आईला हिरवा हवा, पोरींना पिवळा, आणि दादा ट्रकवरून फोन करून सांगतो की पांढराच द्या, डोळ्यांना बरा. वहिनी म्हणते, सगळ्यांचं एकमत करा, दोन दिवसांत काढून देते. तीन वर्षं झाली. भिंतीवरच्या तेलकट डागात माझ्या धाकट्या भाचीला आता घोडा दिसायला लागलाय.