शंका असल्यास ग्रुपवर विचारा

जोगेश्वरीच्या आमच्या बालवाडीत मी इतकी वर्षं शिकवत होते, की माझ्याकडे बडबडगीतं म्हणून गेलेल्या मुली आता आपली पोरं सोडायला दारात उभ्या राहतात. एवढ्या काळात मला कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. मग ट्रस्टवर नवी मंडळी आली आणि त्यांनी ठरवलं, की टीचरकडे बालशिक्षणाचा डिप्लोमा हवाच. जूनच्या आत मिळवा, नाहीतर मदतनीस व्हा. मदतनीस म्हणजे चटया घालायच्या, डबे उघडून द्यायचे, पोरांचे हात धुवायचे; वर्ग दुसऱ्या टीचरचा. माझा वर्ग राहणार की जाणार, एवढंच मला त्या कोर्सकडून कळायचं होतं.

कोर्स ऑनलाइन होता, अंधेरीतल्या एका संस्थेचा. आम्हाला ज्या मॅडम मिळाल्या, त्यांचा आवाज साखरेच्या पाकासारखा होता. पहिलं लेक्चर ‘संवाद’ या विषयावर. पडद्यावर दोन बाण आले, एक इकडून तिकडे जाणारा, एक तिकडून इकडे येणारा. मॅडम म्हणाल्या, संवाद नेहमी दुतर्फी असतो. आम्ही सगळ्या बायकांनी ते वहीत उतरवून घेतलं. आयुष्यभर पोरांच्या, सासवांच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडाला तोंड देणाऱ्या बायका आम्ही, आम्हाला ही बातमीच होती.

मग ग्रुप निघाला. पहिल्या आठवड्यात आमच्या बायकांनी त्याची वाट लावली, हे मी कबूल करते. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या भाचीचा नाच, संध्याकाळी घरगुती मालवणी मसाल्याची जाहिरात. मॅडम वैतागल्या आणि त्यांनी ग्रुप बंद केला, म्हणजे लिहिणार फक्त त्या, वाचणार आम्ही. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण त्यानंतर त्या विसरूनच गेल्या. रोज संध्याकाळी त्यांचा मेसेज यायचा: आजच्या भागावर कुणाला काही शंका? मोकळेपणाने विचारा. आणि आम्ही खाली बोट न्यावं, तर तिथे लिहायला जागाच नाही. फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात, अशी एक ओळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचं कौतुक हजर. कुणालाच शंका नाही, अशी समजूतदार बॅच मी पाहिली नाही.

आमच्या बायकाही काही कमी नाहीत. लिहिता येत नसलं तरी मेसेजवर अंगठा उमटवता येत होता. मोठ्या माणसाच्या मेसेजला काहीतरी दिलंच पाहिजे, नाहीतर उद्धटपणा दिसतो, ही आपल्याकडची रीत. म्हणून ‘कुणाला शंका?’ याच्या खालीही अंगठ्यांची रांग लागायची. मॅडमना वाटायचं, पोरी खूश आहेत. इकडे आमचा मॅडमशिवायचा एक वेगळा ग्रुप होता आणि तिथे नुसता कल्लोळ. प्रश्न ढीगभर, उत्तर कुणाकडेच नाही. आंधळ्यांनी आंधळ्यांना रस्ता ओलांडायला मदत करावी, तसं चाललं होतं.

शेवटची परीक्षा म्हणजे व्हिडिओ. आपल्या वर्गात मुलांशी संवाद साधत असतानाचा, एका दमात काढलेला, कुठेही न कापलेला. सूचना आली: मुलांचा प्रतिसाद स्पष्ट दिसला पाहिजे. दोन दिवसांनी दुसरी सूचना: कोणत्याही मुलाचा चेहरा दिसता कामा नये. चार वर्षांचं पोर प्रतिसाद देतं ते कुठे, पाठीवर? मी मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथे रेकॉर्ड केलेल्या बाईने वेबसाइटवर जायला सांगितलं. वेबसाइटवर मी प्रश्न टाकला, त्याचं उत्तर आलं: शंका असल्यास ग्रुपवर विचारा.

मी सरळ उठले आणि अंधेरीला संस्थेच्या ऑफिसात गेले. काचेचा दरवाजा, आत स्वेटर घालून बसावं इतका एसी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ऑनलाइन कोर्सवाल्यांनी इथे यायचं नसतं. तेवढ्यात मागून तो पाकातला आवाज ऐकू आला आणि मी हाक मारली. मॅडम पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बुटक्या होत्या, आणि वाईट नव्हत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, “तुमची बॅच फार छान आहे हं. कधी काही विचारतच नाही.”

मी माझा मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, “तुम्हीच विचारून दाखवा ना मॅडम, माझ्या फोनवरून.”

त्यांनी ग्रुप उघडला, खाली बोट दाबलं, परत दाबलं. मला वाटलं, आता तरी डोक्यात उजेड पडेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे सेटिंग कम्युनिकेशन कमिटीचं आहे, पुढच्या मीटिंगमध्ये मी नक्की मांडते. मी म्हटलं, ते मांडा सावकाश, मला एवढंच सांगा, चेहरा न दाखवता प्रतिसाद कसा दाखवायचा? यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. “हे मी तुम्हाला एकटीला सांगितलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. शंका सगळ्यांसमोर यायला हवी. तुम्ही ग्रुपवर विचारा ना.”

माझ्या समोर, दोन हातांच्या अंतरावर बसून ही बाई मला ग्रुपवर विचारायला सांगत होती. मला ना रागावता आलं ना हसता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले.

मुलुंडच्या एका टीचरचा त्या संध्याकाळी फोन आला. कोर्समध्येच ओळख झालेली, जिभेची तिखट. तिने सगळ्या पोरांना कागदाचे सशाचे मुखवटे घातले होते. मी म्हटलं, अगं, प्रतिसाद कुठे दिसतोय त्यात? ती म्हणाली, “कान हलतात ना. तूपण घाल, डोक्याला ताप नको.” ती पास झाली. शेरा आला: मुलांचा प्रतिसाद उत्तम. कुठल्या सशाचा, ते लिहिलं नव्हतं.

मला ते जमलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही. मुखवटा घातला की आमची निम्मी पोरं रडतात. मी मोबाइल मुलांच्या मागे खिडकीत ठेवला आणि समोर बसून गोष्ट सुरू केली. पहिल्यांदा सगळी पोरं मागे वळून मोबाइलला हात करू लागली. दुसऱ्यांदाही तेच. मग कंटाळली आणि गोष्टीत शिरली. छान चाललं होतं. कासव नदीच्या तळाशी जाऊन झोपलं, इथपर्यंत आले आणि एक मुलगी उठली. ही मुलगी शाळेत आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. घरचे लोक कुठल्या कुठल्या डॉक्टरांकडे नेत होते. ती उठली, माझ्याशेजारी येऊन मोबाइलकडे तोंड करून उभी राहिली, माझी ओढणी ओढली आणि म्हणाली, “टीचर, त्याला पाणी नाकात नाही जात?”

मी गोष्ट सोडून तिच्याशी बोलत बसले. ती विचारत गेली, मी सांगत गेले, बाकीची पोरंही त्यात पडली. व्हिडिओत ते सगळं आलं, आणि तिचा चेहराही आला, स्पष्ट. दुसरा व्हिडिओ काढायला वेळ होता. मी काढला नाही. मला वाटलं, हे बघून ज्याला संवाद कळणार नाही त्याने दुकान बंद करावं.

दुकान काही बंद झालं नाही. शेरा आला: मुलाचा चेहरा दिसतो, अपात्र. खाली नेहमीची ओळ होतीच, शंका असल्यास ग्रुपवर विचारण्याची.

जूनमध्ये माझा वर्ग गेला. नवी टीचर आली, मुलगी चांगली आहे, डिप्लोमावाली. मी चटया घालते, डबे उघडते. ट्रस्टच्या मंडळींनी मुलांना सांगून ठेवलंय, यांना आता टीचर म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. पोरं पटकन शिकतात. दोन-चार दिवसांत सगळी मावशी म्हणायला लागली. मलाही सूचना आहे, की मुलांनी काही विचारलं तर आपण उत्तर द्यायचं नाही, टीचरकडे पाठवायचं.

परवा नळावर मी हात धुवून देत होते. ती मुलगी रांग सोडून माझ्याजवळ आली. तिने मान वर केली. मग म्हणाली, “मावशी, तुला आता काही येत नाही का?”

मी तिचे हात पुसले आणि तिला टीचरकडे पाठवून दिलं.