मामांनी बसवलेलं अँटीव्हायरस

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी शाळेच्या कामासाठी घेतला, पण त्यावर सगळ्यात जास्त बसायचे ते मामा, म्हणजे माझे सासरे. उमापुरात त्यांनी बरीच वर्षं सरपंचकी केली. पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मोबाईलची बारीक अक्षरं नकोशी झाली, तेव्हा ते दुपारी मोठ्या पडद्यावर कापसाचे भाव आणि कीर्तनं बघायला लागले.

एकदा शाळेतून आले तर पडदा लालभडक, स्पीकरमधून भोंगा वाजतोय आणि मामा खुर्चीत ताठ बसलेले.

"कॉम्प्युटरात व्हायरस शिरलेत म्हणं," ते म्हणाले. "पर म्या बंदोबस्त केलाय."

कीर्तन बघताना मध्येच हिंदीत इशारा आला होता. खाली हिरवं बटण होतं, ते त्यांनी दाबलं. पुढं जे जे विचारलं त्याला होय म्हणत गेले. आता पडद्याच्या कोपऱ्यात एक ढाल दिसत होती आणि भोंगा त्या ढालीचाच होता. मी ती काढायला गेले तर निघेना. आधी मी इंटरनेटची वायर काढली.

"मामा, हे खरं अँटीव्हायरस नाही. भीती घालून आत शिरायचं सोंग आहे."

"घरात कुणी नव्हतं. म्हणलं आपणच बघावं," एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

त्यानंतर मामा कॉम्प्युटरच्या खोलीत फिरकेनात. कुणी विचारलं तर म्हणायचे, डोळ्याला तरास हुतो. मला ते बोचायला लागलं.

रविवारी मी कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि त्यांना म्हटलं, "गेवराईला चला. काय काय दाबलं ते तुम्हालाच सांगावं लागेल." ते आढेवेढे घेतील असं वाटलं होतं, पण इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला मामांनी पंचनाम्यासारखं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं सगळं साफ केलं आणि म्हणाला, "काका, ढालीच्या मागं स्पायवेअर होतं. ते मोडतोड करत न्हाई. गप बसून तुमी काय टाईप करता ते बघतं आन भाईर कळवतं."

"म्हंजी खबऱ्या," मामा म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं, "माझ्या सरपंचकीत एक जण रोज सकाळी घरी चहाला यायचा. आन संध्याकाळी सगळं विरोधी पार्टीला जाऊन सांगायचा. लई गोड बोलायचा."

"मंग सापडला कसा?" दुकानदारानं विचारलं.

"कुठं सापडला. मी निवडणूक हरल्यावर त्यानंच सांगितलं."

कोणतं अँटीव्हायरस घ्यायचं ते मी शाळेतल्या सरांना विचारून ठरवून आले होते. दुकानदारानं तेच त्याच्या कॉम्प्युटरवर दाखवायला घेतलं, तर क्षणात कोपऱ्यातून खिडकी वर आली: तुमचं संरक्षण अपुरं आहे, आत्ताच वाढवा. ती त्या कंपनीची स्वतःचीच जाहिरात होती. मामांनी खुर्ची मागं सरकवली.

"हे बी तसंच वरडतंय की. खरं कोणतं आन खोटं कोणतं, मला कसं कळावं?"

याचा मी विचारच केला नव्हता. व्हायरस पकडतं किती, कॉम्प्युटर हळू होतो का, एवढंच मी बघितलं होतं. दुकानदारानं अँटीव्हायरसचं खोकं फळीवर परत ठेवलं आणि म्हणाला, "मंग विंडोजमधलंच अँटीव्हायरस चालू ठिवा. उगं बोलत न्हाई. फक्त अपडेट बंद करू नका." जाहिराती अडवणारी एक सोय त्यानं टाकून दिली. शेवटी म्हणाला, काकांचं खातं वेगळं करू, त्यात पासवर्डशिवाय नवीन काही बसणार नाही.

तो पासवर्ड कुणाकडं राहणार हे उघड होतं. गावाच्या कागदांवर इतकी वर्षं ज्यांची सही चालली, त्यांच्यासमोर हे बोलायचं कसं, म्हणून मी दुकानातल्या वायरींकडं बघत राहिले.

"सही तुझी ठिव," मामाच म्हणाले. "मला विचारत जाऊ नको, मीच तुला विचारीन."

घरी आल्यावर मी मोबाईलवरून बँकेचे आणि शाळेचे सगळे पासवर्ड बदलले. मामा दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा कीर्तनाला बसले.

पुढं काही महिन्यांनी भरवर्गात त्यांचा फोन आला. "लाल आलंय."

मी व्हरांड्यात गेले. "कशाला हात लावला नाही ना?"

"खिडकी बंद केली. गेलं."

"मग फोन का केला, मामा?"

"तुला ठावं असावं म्हणून," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मी वर्गात गेले आणि भागाकार पुढं शिकवायला घेतला.