आठ मिलिमीटरचं घर

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या बाल्कनीत ते भोकं पाडलेलं लाकूड कशाला टांगलंय. उत्तर द्यायच्या आत कॉल संपला. ज्यांनी ते केलं ते आता नाहीत, आणि माझ्याही आठवणी हल्ली जागेवर राहत नाहीत. म्हणून आत्ताच नीट लिहून ठेवते.

चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला आणि नुकतंच पाडलेलं भोक दुसऱ्या डोळ्याशी धरलेलं. आमचे ड्रिलवाले मामा मला असेच दिसतात. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी ऑफिस सांभाळायचे आणि ते ड्रिल मशीन. मूळचे मोशीचे, सकाळी शेताला पाणी देऊन पहिल्या शिफ्टला यायचे. गेटवरचं कुत्रं भुंकू लागलं आणि कुणी दगड उचलला, की म्हणायचे, "त्याला काय पायजे ते बघा की आदी."

एका उन्हाळ्यात चाकणच्या एका कंपनीने आमचा माल, म्हणजे भोकं पाडलेले सुटे भाग, परत पाठवला. भोकांत माती होती. वर्कशॉपच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, मोबाइलवरचा फोटो मामांपुढे धरला. "शेत कंपनीत आणलं काय राव, मामा?" मशीनवरचा एक पोरगा म्हणाला आणि बाकीची पोरं हसली. साहेब हसले नाहीत. पुन्हा असा माल गेला तर मशीनवर दुसरा माणूस येईल, एवढं बोलले.

मामांनी फोटो मोठा करून पाहिला. "ही हाताची माती न्हाई, साहेब. कुंभारणीनं लिंपलीय. आठ दिवस द्या."

कुंभारीण म्हणजे मातीची घरं करणारी बारीक कमरेची माशी. माल रॅकवर चार-पाच दिवस पडून असायचा. संध्याकाळी भोकं साफ करावीत, तर दुसऱ्या दुपारी काही पुन्हा बंद. मला वाटलं, यात बघायचं काय? मी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. शेडमध्ये सगळे उकडून निघाले आणि माशा दारातून आल्या. मामांनी फक्त एक वही मागितली.

प्रत्येक नगाला तीन मापांची भोकं होती: सहा, आठ आणि बारा मिलिमीटर. कुठलं बंद झालं ते मी लिहायचं. तीन दिवसांत पान भरलं, आणि मलाच नवल वाटलं. प्रत्येक वेळी आठ.

"बारात सैल पडतं, सहात शिरता येत न्हाई," मामा म्हणाले. "मापानं काम करती ती. आपल्यासारखंच."

मग त्यांनी पॅकिंगच्या लाकडाचा ठोकळा घेऊन त्यात आठची भोकं ओळीने पाडली आणि तो खिडकीशी टांगला. माशी आली, एकेका भोकात डोकावली आणि उडून पुन्हा आमच्याच मालावर बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब जाता-येता ठोकळ्याकडे बघत.

सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा डबा न उघडता ठोकळ्यासमोर उभे होते. चष्मा वर, एक डोळा मिटलेला. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"म्याडम, पलीकडचा उजेड दिसतोय. मी आरपार मारलीत. मालातली भोकं बंद बुडाची हायत. मागून उघड्या घरात पोर कोण ठेवील?"

जन्मभर ड्रिल चालवलेल्या माणसाची ही चूक. त्याच दुपारी त्यांनी दुसरा ठोकळा केला. सातव्या दिवशी माशी हिरवी अळी घेऊन त्यात शिरली. आठव्या दिवशी साहेबांनी रॅकवरचा नग नि नग तपासला. एकाही भोकात माती नव्हती. "ठोकळा काढू नका," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मामा मशीनकडे वळले.

नंतर मामांनी आधीच बाजूला काढून ठेवलेल्या नगातलं एक लिंपलेलं भोक मला उघडून दाखवलं. आत पाच अळ्या, डंख मारून निपचित केलेल्या, आणि एक इवलंसं अंडं. पिल्लाला पुरेल एवढं ठेवून आई दार लिंपते आणि निघून जाते. पिल्लू तिला कधी दिसत नाही. मग किती पुरेल हे तिला कसं कळतं, मी विचारलं.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा आत डोकावलं. "मला न्हाई म्हाईत, म्याडम. बघत ऱ्हायचं."

वर्कशॉप चाकणला गेलं तेव्हा गुडघ्यांमुळे मामांनी काम सोडलं. जाताना ठोकळा माझ्या हातात दिला. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

ठोकळा माझ्या बाल्कनीत आहे. आज सकाळी त्यातली पाच भोकं ताज्या मातीने बंद होती.