मामाकडून बारावी

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरमध्ये भोपाळला ‘बाहेर’ म्हणतात, नागपूरला नाही. नागपुरात तर पोरीचा मामाच राहतो. म्हणून दहावीनंतर मी तिला हट्टानं त्याच्याकडे शिकायला पाठवलं. तिला मैत्रिणीसोबत इथेच राहायचं होतं.

परवा कॉलेजच्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी आम्ही दोघं पांढुर्ण्याच्या कचेरीत गेलो. बाबूनं गुणपत्रिका पाहून विचारलं, “बारहवीं बाहर से की?”

“बाहेरून नाही जी, मामाकडून केली,” पोरगी म्हणाली.

बाबू हसलासुद्धा नाही. बारावी मध्य प्रदेशातूनच हवी, मार्क कितीही असोत, असा नियम निघाला. इथेच शिकलेल्या तिच्या मैत्रिणीला शिष्यवृत्ती मिळाली.

परतीच्या बसमध्ये मामाचा फोन आला. “काम झालं का, भाऊजी? मी केव्हाचा वाट पाहून राहिलो.”

पोरीला त्यानं लेकीसारखं सांभाळलं होतं. त्याला कोणत्या तोंडानं सांगू? “साईट बंद होती,” मी म्हणालो.

“मंग इकडून फॉर्म भरू ना! आपलीच तर पोरगी आहे.”

महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला तिथला रहिवासी दाखला लागतो आणि तो आपल्याकडे नाही, हे शेजारी बसून ऐकणाऱ्या पोरीला माहीत होतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

“हो मामा, तिकडूनच भरू.”