बुरुलचा टॅबलेट

साइकाल मुळातच कमी बोलणारी. मी दहा वेळा विचारावं आणि तिने एकदा उत्तर द्यावं, तेही मान हलवून. इथे किर्गिझस्तानात, बिश्केकला, ओश बाजाराच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. मालकीण मी, पण मला साधा स्क्रू सोडवता येत नाही. मला येतं ते फक्त गिऱ्हाइकांशी भांडायला. दुरुस्ती सगळी साइकालची.

डोंगराकडच्या शाळांचे बिघडलेले टॅबलेट आमच्याकडे टपालाने येतात. तिकडे कोण बसलंय दुरुस्त करायला? मास्तर खोक्यात भरून पाठवतात, आम्ही नीट करून परत धाडतो. रिकाम्या हाताने खोकं पाठवायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे टॅबलेटच्या बाजूने वाळवलेल्या दह्याचे खडे निघतात, लोणी निघतं. एकदा उकडलेली अंडी निघाली, सगळा लगदा झालेला! त्या मास्तरला मी फोनवर असा झाडला की बास. परत धाडताना चहाची पुडी मीच घातली, तो भाग वेगळा.

तर कारा-बुलुन गावच्या शाळेतून एक टॅबलेट आला. चार्जच होत नव्हता. मागे चिकटपट्टीवर नाव होतं, बुरुल. साइकालने ते वाचलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

कारा-बुलुन तिचं सासर, बुरुल तिची थोरली लेक. आता लेक म्हणायचं तर म्हणायचं. आमच्यात पहिलं लेकरू आजी-आजोबांचं असतं. साइकालचं बाळंतपण झालं, बाळ जरा अंगावर प्यायलं, आणि सासूने, बातमाबाईने, उचलून आपल्या कुशीत घेतलं. तेव्हापासून बुरुल आजीला 'आई' म्हणते आणि साइकालला 'वहिनी', घरातल्या काकांनी म्हटल्यासारखं. ही काही लपवाछपवी नव्हे, सगळ्या गावाला ठाऊक असतं. म्हातारी वाईट नाही हो. तिची स्वतःची दोन गेली, तिने या पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पण पोर कधी काढून नेतील म्हणून तिच्या जिवाला घोर. साइकाल उन्हाळ्यात गावी गेली की बुरुल पाहुणीला द्यावा तसा तिला चहा देते, "वहिनी, घ्या ना." मोठ्यांसमोर पोटच्या पोरीला जवळ घ्यायची सोय नाही. फोन केला तर तो म्हातारीच्या हातात, आवाज सगळ्या घरभर.

टॅबलेटच्या चार्जिंगच्या भोकात लोकर अडकलेली होती, लाल. साइकालने ती काढली, वायर लावून पाहिली. मग नेहमीसारखी माइकची परीक्षा. आपला आवाज भरायचा, ऐकायचा, पुसायचा. ती म्हणाली, "आवाज येतोय का? नीट येतोय का?" आवाज आला. पण तिने तो पुसला नाही.

"अगं, पुसायचं राहिलं," मी म्हटलं.

"विसरले," ती म्हणाली.

विसरली म्हणे! ज्या बाईच्या हातून आजवर एक स्क्रू हरवला नाही ती! पण मी खोकं बंद करून पोस्टात टाकलं.

थंडी पडायच्या आत तो टॅबलेट परत आला. पुन्हा भोकात लाल लोकर. मी म्हटलं, "या पोरी टॅबलेट काय मेंढ्यांत ठेवतात की काय?" साइकालने ती काढली. चार्ज करून तिने चालू केला. तिने भरलेला आवाज तसाच होता, आणि त्याच्याखाली आणखी एक. तिने तो लावला.

"येतोय, वहिनी, येतोय आवाज. नीट येतोय. मी गोठ्यातून बोलतेय, आई झोपलीय. अजून बोला ना. एवढंसंच काय बोललात?"

साइकालने तो किती वेळा ऐकला, मी मोजलं नाही. मी पडद्यामागे जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच पुन्हा घासली.

म्हणजे लोकर आपोआप गेली नव्हती. पोरीने आपल्या हाताने कोंबली होती, टॅबलेट इकडे यावा म्हणून.

त्याच आठवड्यात कारा-बुलुनच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. गावात गणिताला मास्तर नाही, मुलं टॅबलेटवर नारीन शहरातल्या मास्तरांकडून शिकतात आणि टॅबलेट मोजकेच. "बुरुल हुशार आहे हो," बाई म्हणाल्या, "पण पुन्हा बिघडवला तर काढून दुसऱ्या मुलाला द्यावा लागेल. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

मी साइकालला सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "हे बघ, आता बोलूनच टाक. मी तुझी आई आहे, एवढं एकदा म्हण. गोठ्यात ऐकणार ती, कोणाला कळणार आहे?"

तिने टॅबलेट जवळ ओढला. ओठ दोनदा उघडले, मिटले. मग म्हणाली, "बुरुल, वहिनी बोलतेय. लोकर घालू नकोस गं. आता बिघडला तर काढून घेतील, तुझं गणित राहील. पुन्हा इकडे पाठवू नकोस. आईचे गुडघे दुखतात, पाणी तू भरत जा." मग तिने बटण दाबलं.

"एवढंच?" माझं डोकंच फिरलं. "दगड आहेस का गं तू?"

"तिची आई तिकडे आहे, ताई," ती म्हणाली. "तिला दोघींच्या मध्ये कशी उभी करू?" आणि तोंडावर ओढणी घेऊन इतकी रडली, की बाहेरचं गिऱ्हाईक आल्यापावली परत गेलं.

थंडी गेली. कारा-बुलुनहून खोकी येत राहिली. कोणाची काच फुटलेली, कोणाचं बटण तुटलेलं. प्रत्येक खोकं साइकालच उघडायची, मला हात लावू द्यायची नाही. एकेक टॅबलेट पालथा करून नाव बघायची. बुरुलचा आला नाही. उन्हाळा तोंडावर आला तरी आला नाही. खोकं रिकामं झालं की ती तळाशी हात घालून चाचपायची, आणि ते मला बघवायचं नाही.

शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "पोरच ती. खेळात रमली असेल, विसरली असेल."

"विसरली नाही," साइकाल म्हणाली. पुढचा टॅबलेट तिने उघडायला घेतला होता, मान खालीच होती. "मी नको म्हटलं ना, म्हणून पाठवत नाही. आईचं ऐकते माझी पोर."