खव्याची रुग्णवाहिका

वडील गिरणीत होते. भांडुपच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही घरचे सहा आणि कोकणातल्या गावाहून नोकरी शोधायला आलेले तीन-चार जण, एवढी माणसं राहायची. मी नववीत असताना वडिलांच्या पोटात अशी कळ उठली की माणूस गडाबडा लोळायला लागला. शेजाऱ्यांनी भाजीवाल्याची हातगाडी आणली, त्यांना वर घातलं आणि ढकलत दवाखान्यात नेलं. वाचले. रुग्णवाहिकेला फोन करावा, हे एकालाही सुचलं नाही. मी नंतर वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "ती गाडी आपल्यासाठी नसता रे."

पुढे मी सकाळचं कॉलेज करून बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. फौजदाराची परीक्षाही पास झालो. हे मिरवायला सांगत नाही; म्हणजे थोडं मिरवतोही. पण पुढच्या प्रकरणात पदवीपेक्षा त्या खोलीचाच उपयोग जास्त झाला, म्हणून सांगितलं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात एक म्हातारी येऊन उभी राहिली. एका सार्वजनिक दवाखान्यात ती आया होती आणि टेकडीवरच्या वस्तीत राहायची. तिनं सांगितलं ते असं. गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुलानं दवाखान्यात फोन केला. उत्तर मिळालं, गाडी पेशंट आणायला गेलीय. दोन तास वाट बघून त्यांनी सुनेला हातगाडीवर घातलं. सून वाचली, मूल गेलं.

"दुसऱ्या दिशी कामावर गेले," ती म्हणाली. "अकरा वर्सं ती गाडी मीच धुते, साहेब. रगात धुतलं, घाण धुतली. त्या दिशी स्ट्रेचरवर मुंग्या व्हत्या. गोडाला लागत्यात तशा."

ड्रायव्हरनं तिला गुपचूप झाडून टाकायला सांगितलं होतं. नोकरीच्या भीतीनं ती वर्षभर गप्प राहिली. मग आजच का आलीस, असं मी विचारलं.

"सून पुन्हा दिवसांत हाय. नववा लागलाय. गणपतीबी आलं जवळ. मी तक्रार न्हाई द्याया आले. औंदा गाडी येल का, एवढंच सांगा."

चौकशी करतो, एवढंच मी म्हणालो. ती गेल्यावर आमचे हवालदार म्हणाले, "मुंग्यांवर गुन्हा कसा दाखल करायचा, साहेब?" पण थट्टा करणारी माणसं कामाला वाईट असतात असं नाही. चार दिवसांत त्यांनीच खबर आणली. सणाच्या आधी खव्याचे ट्रक मुलुंडच्या जकात नाक्यावर तासन्‌तास रांगेत उभे राहतात आणि उकाड्यात माल आंबतो. घाटकोपरच्या एका व्यापाऱ्याचा खवा मात्र दर वर्षी सगळ्यांच्या आधी आणि ताजा दुकानात लागतो. त्याचा ट्रक रांगेत कोणी बघितलेला नाही. घंटा वाजवत येणारी रुग्णवाहिका मात्र नाक्यावर कोणीच अडवत नाही.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी आम्ही दोन पंचांना घेऊन नाक्याजवळ टॅक्सीत बसलो. दुपारी दवाखान्याची गाडी घंटा वाजवत आली. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी आपापल्या गाड्या मागेपुढे घेऊन तिला वाट करून दिली. एकानं तर हातही जोडले. हवालदार म्हणाले, धरू या इथंच. मी नको म्हटलं. आत खरा पेशंट असला तर? आम्ही मागे राहिलो.

गाडी घाटकोपरला एका गोदामाच्या दारात थांबली. आम्ही मागचं दार उघडलं. स्ट्रेचरखाली आणि बाजूला खव्याचे डबे होते. स्ट्रेचरवर दवाखान्याचं लाल ब्लँकेट पांघरून व्यापाऱ्याचा नोकर पडलेला, डोक्याला पट्टी बांधून.

"काय रे, कुठं दुखतंय?" हवालदारांनी विचारलं.

"कुठंच नाय, साहेब," तो म्हणाला आणि उठून बसला.

पण ड्रायव्हर पक्का होता. सणाची गर्दी होती, पहिल्यांदाच चूक झाली, हेच पालुपद. आजचा गुन्हा सिद्ध होता. मला गेल्या वर्षीची ती दुपार हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची नोंदवही समोर ठेवली. त्या दुपारची नोंद होती: छातीत दुखणारा पेशंट, भांडुपमधली चाळ, पत्ता, नाव, खोली नंबर. सगळं व्यवस्थित. मी आवाज न चढवता विचारलं, वरच्या मजल्यावरून पेशंट खाली कसा आणला? आवाज चढवला की माणूस गप्प होतो. सहज विचारलं की रंगवून सांगतो.

"चाळकऱ्यांनी हात लावला, साहेब. सगळी चाळ जमली होती. बायका रडत होत्या."

"ही आमच्या शेजारची चाळ," मी म्हणालो. "सगळी कोकणातली माणसं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या चाळीत रडायला मांजरसुद्धा नसतं. सगळ्या दारांना कुलपं. गावाला गेलेले असतात."

ड्रायव्हरनं पाणी मागितलं आणि पिऊन कबूल झाला. चाळीच्या दारावरच्या पाटीवरून त्यानं नाव उतरवून घेतलं होतं. पाटीवरची माणसं त्या दिवशी कुठं असतात, हे त्याला माहीत नव्हतं.

मी हवालदारांना तडक चाळीकडे पिटाळलं. गावाला जाणारी जादा एस.टी. सुटायच्या बेतात होती. चाळीच्या चिटणिसानं मंडळाची पेटी उघडून गेल्या वर्षीच्या प्रवाशांची यादी काढून दिली. 'पेशंट' रांगेतच होता, डोक्यावर बोचकं घेऊन. "माका? छातीत?" तो म्हणाला. "साहेबानू, त्या दुपारी मी नागोठण्याक वडे खाय होतंय." त्याचा जबाब तिथंच झाला.

आता एक पेच उरला. नियमाप्रमाणे गाडी मुद्देमाल ठरली आणि ठाण्याच्या आवारात उभी राहिली. जप्त गाड्या अशाच उभ्या राहून गंजतात. म्हातारी फाटकाशी येऊन गाडीकडे बघत उभी राहिली. गाडी चोरांच्या हातून सोडवली आणि मीच अडकवून ठेवली, हे मला न बोलताच कळलं.

वरिष्ठ म्हणाले, सण उरकू दे, मग बघू. मी थांबलो नाही. गाडीचा पंचनामा झालेला होता, फोटो काढून घेतले आणि त्याच दुपारी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज ठेवला: गाडी हमीपत्रावर दवाखान्याच्या ताब्यात द्यावी. एवढी घाई कसली, त्यांनी विचारलं. "एक बाळंतपण आहे, साहेब," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सही केली.

गौरी विसर्जनाच्या दुपारी दवाखान्यात फोन गेला. नव्या ड्रायव्हरनं टेकडीच्या पायथ्यापर्यंत गाडी नेली आणि स्ट्रेचर घेऊन स्वतः वर चढला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. म्हातारी ठाण्यात साखर वाटायला आली. "पेढं न्हाई आणलं," ती हवालदारांना म्हणाली. "खव्याचं नगं म्हटलं." त्या दिवशी अख्खं ठाणं हसलं.

ड्रायव्हरला आणि व्यापाऱ्याला शिक्षा झाली. लोकसेवकानं केलेला विश्वासघात, असं कलमात लिहिलेलं असतं. खवा जप्त करता येतो, गाडी सोडवता येते. पण गाडी येणारच नाही असं धरून जी माणसं फोन करायचंच सोडून देतात, त्यांचं काय करायचं, हे कुठल्याच कलमात नाही. त्यांना गाडी येताना दिसावी लागते. माझ्या नोकरीत हे मला या प्रकरणानं शिकवलं.

मी ही हकिगत घरी सांगितली तेव्हा वडिलांनी एकच विचारलं. "म्हंजे, येता ती?"

पुढच्या वर्षी आमच्या चाळीत एकाच्या छातीत कळ आली. हातगाडी शोधायला कोणी गेलं नाही. वडील स्वतः वाण्याच्या दुकानात जाऊन दवाखान्यात फोन करून आले.

गाडी आली.